आणखी काही घेता का?

मंगळवार साखरेचा, गुरुवार रक्तदाबाचा.
सांता क्रूझच्या दवाखान्यात
सहापासून बाकं भरतात, पंखा मात्र नवाला सुरू होतो.
कागदावरचा सातवा प्रश्न
मी एकोणीस वर्षं एकाच आवाजात विचारत आलेय :
आणखी काही घेता का?
आणि एकोणीस वर्षं
सेंट एलिझाबेथ परगण्यातलं म्हातारं माणूस
पंख्याकडे बघत सांगत आलंय :
नाही, नर्स.

मिस आयसिल्डाही नाहीच म्हणाली.
एकाहत्तर वर्षांची, चर्चचा हिरवा झगा,
आणि श्वासाला तो वास,
कुंपणावरून थेट आत आलेला.
सेरसी.
रानकारल्याचा वेल.
या बेटावर त्याची ओळख करून द्यावी लागत नाही,
आया नाक दाबून पाजतात.

पिशवी उलटी करा, मी म्हटलं.

साखरेच्या गोळ्या, ब्लेडनं नेमक्या अर्ध्या केलेल्या.
दाबाच्या गोळ्या, पाकीटही न फोडलेल्या.
टोरांटोहून मुलानं धाडलेला डबा,
वर सिंह, खाली मुंगीएवढी अक्षरं.
रमच्या चपट्या बाटलीत काळा काढा.
आणि रुमालात पानफुटीची चार पानं,
कडेकडेनं पिल्लं फुटलेली,
माझ्या टेबलाच्या लाकडात मूळ धरायला निघालेली.

हे काय मग?
हे औषध नाही, नर्स, ती म्हणाली,
हा चहा.
तुम्ही चहाचं कधी विचारलंच नाहीत.

गेल्या शुक्रवारी रात्री ती शेळीच्या खुंट्यापाशी पडली होती.
शेजारच्या क्लोव्हिसनं हिरड्यांना
डब्यातलं घट्ट दूध चोळलं, म्हणून आज समोर आहे.
साखर दोन पॉइंट सहा.
गोळीही खाली ओढत होती, वेलही खाली ओढत होता,
दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती,
आणि मधे ही.

क्यूबाहून आलेला आमचा तरुण डॉक्टर
बाटलीकडे न बघताच म्हणाला : बेसिनमध्ये ओता.
तिनं ती काखेत घेतली,
बाजारात कोंबडी धरतात तशी,
गळा वर, घट्ट.

अर्ध्या गोळ्या कशाला?
गोळ्या फुकट आहेत, नर्स. टॅक्सी फुकट नाही.
वेल दारात आहे.

माझी आई मूत्रपिंडानं गेली.
शेवटच्या महिन्यात
मी इस्त्रीचा गणवेश घालून आत आले
की ती कप एप्रनखाली घ्यायची.
गरम असायचा. मांडीवर लाल वर्तुळ उमटलं होतं,
ते मी अंघोळ घालताना पाहिलं,
आणि तेव्हाही रागावलेच.
आजाराला ती भ्यायची नाही.
कपात काय होतं,
ते मला अजून माहीत नाही.

मी पेन्सिल घेतली.
किती पानं? किती उकळता? कुठल्या वारी?
मिस आयसिल्डा खुर्चीत पुढे सरकली.
नऊ दिवस, मग थांबायचं,
वेल पहाटे तोडायचा, त्याची क्षमा मागून,
पोटुशीला द्यायचा नाही, हे लिहा, हे नीट लिहा.
बाकावर खोकले वाढले. मी लिहीत राहिले.
सातव्या प्रश्नाला समास नव्हता,
कागद आडवा केला.

मग आम्ही घासाघीस केली, मासळीवाल्यांसारखी.
गोळी रात्रीची, तर वेल रात्री नाही.
सिंहाचा डबा माझ्याकडे, तपासेपर्यंत.
उठता-बसता घाम सुटला तर आधी साखर, मग प्रार्थना.
बघते, ती म्हणाली.
या 'बघते'चा अर्थ मला माहीत आहे,
तरी तारीख घालून लिहून ठेवला.

एक पान ती विसरली. की ठेवून गेली.
मी ते गोळ्यांच्या कागदी पेल्यात, खिडकीत ठेवलं.
पाणी घातलं नाही. त्याला लागतही नाही.

गुरुवारी, दाबाच्या बाकावरून,
मिस्टर ऑस्बर्ननं मान वाकडी करून विचारलं :
हे कशावरचं औषध, नर्स?
औषध नाही, मी म्हटलं. चहा.

पंखा अजून सुरू व्हायचा होता.
तो बराच वेळ पानाकडे बघत बसला,
आणि मग दोन्ही बोटांनी
पिशवीची गाठ सैल करू लागला.